निवदाचं ताट

मार्गशीर्ष शुद्ध षष्ठी, म्हणजे चंपाषष्ठी. ज्या घरांच्या देव्हाऱ्यात खंडोबाचा टाक आहे, तिथं या दिवशी सकाळीच वांगी भाजल्याचा वास सुटतो. निखाऱ्यावर साल काळी पडेपर्यंत वांगं भाजायचं, सोलून कुस्करायचं, त्यात कांद्याची पात आणि लसूण घालायचा, की भरीत झालं. शेजारी जाडजूड रोडगा, कुठं कणकेचा तर कुठं बाजरीचा. जोंधळे शिजवून त्यात दही-मीठ कालवलं की ठोंबरा तयार. आषाढातल्या कांदेनवमीला पोटभर कांदा खाऊन झाल्यावर या घरांत कांदा-वांगं बंद झालेलं असतं. ते आज सुटणार असतं. पोरं ताटाभोवती घुटमळतात, पण हात लावायची कुणाची टाप नसते. आधी खंडोबाचा निवद, मग तळी, मग घरातले.

तळी भरायला बहुधा पाच जण बसतात. ताम्हनात विड्याची पानं, सुपारी, खोबऱ्याच्या वाट्या आणि मुठीनं भंडार. दिवटी पेटलेली असते. सगळे ताम्हनाला हात लावून ते वर उचलतात आणि ‘येळकोट येळकोट जय मल्हार’चा गजर होतो. असं तीनदा. मग कपाळाला भंडार, हातावर खोबरं. निवदातला वाटा दारच्या कुत्र्याला जातो, गावात घोडा असेल तर घोड्यालाही, कारण ही दोन्ही जनावरं खंडोबाची. त्यानंतरच घरातली पंगत बसते.

नैवेद्याला खेड्यात निवद म्हणतात. गावदेवांची ओळख आपण बहुतेक वेळा मूर्तीवरून किंवा कथेवरून करून घेतो. मूर्ती देवाचं नाव सांगते, कथा त्याचा पराक्रम सांगते. पण गाव कशावर जगतं, कशाला भितं आणि गावात कुणाला किती मोजलं जातं, हे निवदाच्या ताटाइतकं सरळ दुसरं काही सांगत नाही. या प्रकरणात आपण महाराष्ट्रातली अशी काही ताटं जवळून पाहू.

ताटात शिवार

चंपाषष्ठीचं ताट पुन्हा एकदा पाहा. त्यात शेतकऱ्याला विकत आणावं लागेल असं जवळजवळ काही नाही. बाजरी नुकतीच खळ्यावरून घरात आलेली असते, वांगी परसात लगडलेली असतात, कांद्याची पात वाफ्यात असते. साजूक तूप, साखर, केशर यांचा पत्ता नाही. जे धनगर मेंढरांमागे फिरताना खाईल आणि जे कुणबी बांधावर बसून खाईल, तेच जेजुरीचा देव खातो. नवं पीक आलं की पहिला घास देवाचा, हा नियम इथं वर्षाच्या एका तिथीला बांधून टाकलेला आहे. त्या तिथीपर्यंत जीभ आवरायची, हे त्या घासाचं मोल.

हीच गोष्ट लातूर आणि धाराशिव जिल्ह्यांत मार्गशीर्ष अमावस्येला आणखी ठळक दिसते. तिथं तिला वेळ अमावस्या किंवा येळवस म्हणतात. शेजारच्या कर्नाटकात बिदर, कलबुर्गीकडेही हा सण आहे. त्या दिवशी गाव ओस पडतं, कारण सगळी माणसं शेतात असतात. कडब्याच्या पेंढ्यांची कोप उभी करतात, आत पाच दगड मांडतात. हे पाच पांडव. त्यांना काव आणि चुना लागतो, हार पडतो. घरून डोक्यावर आलेल्या पाट्या उतरतात. त्यांत भाज्या, ओले दाणे आणि बेसन घालून केलेली भज्जी, बाजरीचे उंडे, गव्हाची खीर आणि मोठ्या मडक्यात ज्वारीच्या पिठाची ताकातली आंबील.

या पूजेत मूर्ती घडवलेली नाही, देऊळ नाही, पुजारी नाही. मालकाच्या आणि गड्याच्या पाट्या एकाच कोपीपुढं उघडतात. वाटेनं जाणाऱ्या अनोळखी माणसालाही हाक मारून जेवायला बसवतात. आणि पूजा झाल्यावर आंबील उभ्या पिकावर शिवारभर शिंपडतात. रब्बीची ज्वारी तेव्हा पोटरीत किंवा कणसात आलेली असते. भरल्या पिकाला, म्हणजे गरोदर काळ्या आईला, आंबील पाजायची असा त्यामागचा भाव. इथं निवद खाणारी देवता म्हणजे ती जमीनच.

कोण कुठं बसतो

गावात शिरताना देव कुठं भेटतात ते पाहत चला. वेशीवर मारुती. गावाच्या पोटात ग्रामदैवत, देशावर बहुधा भैरवनाथ किंवा जोगेश्वरी. शेताच्या बांधावर किंवा शिवेवर शेंदूर फासलेला म्हसोबा. विहिरीच्या काठाला, डोहाशी सात आसरा, ज्यांना माऊल्या किंवा जलदेवता म्हणतात. ओढ्यापलीकडं, वस्तीबाहेर मरीआई. नवजात बाळासाठी सटवाई.

ही मांडणी म्हणजे गावाचा नकाशा आहे. धोका जिथं, देव तिथं. पाण्यात पोर बुडतं, म्हणून आसरांना दहीभात, खण, हिरव्या बांगड्या. बाळ पहिल्या दिवसांत दगावतं, म्हणून पाचवी-सहावीला सटवाईची पूजा. शिवेवर हद्दीचे तंटे होतात, रात्री जनावर फाडलं जातं, म्हणून तिथं राखणीला म्हसोबा. त्याला पेरणीआधी नारळ फुटतो आणि खळं झालं की कोंबडं किंवा बोकड. शिवेवरचा हा निवद अनेक गावांत तिथंच शिजवतात, तिथंच खातात आणि उरलंसुरलं घरी आणत नाहीत. शिवेचं शिवेवर राहावं, घरात येऊ नये, ही त्यामागची समजूत.

म्हसोबाचा दगड जवळून पाहण्यासारखा असतो. तेलात कालवलेला शेंदूर हातानं थापतात, तो वाळतो, पुढच्या वर्षी त्यावर दुसरा थर. दगडाचे कंगोरे हळूहळू बुजतात आणि वर दोन डोळे तेवढे चिकटवलेले राहतात. थर फार जड झाला की एखाद्या उन्हाळ्यात खपलीसारखा सुटून पडतो. त्याला कवच म्हणतात, आणि ते पाण्यात सोडतात. आत पुन्हा तोच साधा दगड निघतो.

दामोदर धर्मानंद कोसंबी या गणितज्ञ आणि इतिहासकारानं पुण्याभोवतीचे असे दगड आणि मातृदेवतांची ठाणी पायी फिरून तपासली. 1962 साली आलेल्या ‘मिथ अँड रिॲलिटी’ या पुस्तकात त्यांनी दाखवलं, की गावाबाहेर आडरानात असलेली बरीच ठाणी जुन्या पायवाटांच्या तिठ्यांवर आहेत. माणसं नांगर धरून एका जागी स्थिरावण्याआधी ज्या वाटांनी हिंडत होती, त्या वाटांवरचे हे देव. गाव पुढं वसलं, वाट मोडली, पण नारळ फोडायला माणूस अजून त्याच जागी जातो. म्हसोबाचं नातं अभ्यासक म्हैस या जनावराशी आणि महिषासुराशी जोडतात. पुराणात देवीनं ज्याला मारलं, तो बांधावर शेत राखतो आणि निवद खातो. गावानं हरलेल्याला हाकलून दिलं नाही.

गोडा आणि खारा

निवद दोन जातींचा. गोडा म्हणजे पुरणपोळी, खीर, दहीभात. खारा म्हणजे कोंबडं-बोकडाचा. कोणत्या देवाला कोणता, हे गावातलं लहान पोरही चुकवत नाही. मारुतीला खारा चालत नाही, म्हसोबाला दोन्ही चालतात.

गुंता होतो तो मोठ्या देवांपाशी. खंडोबा स्वतः शाकाहारी मानला जातो. पण त्याच्या भक्तांत धनगर, कोळी, रामोशी अशा बकरं कापणाऱ्या जमाती मोठ्या संख्येनं आहेत. परंपरेनं यावर वाट काढली. खंडोबानं मारलेल्या मणी-मल्ल या दैत्यांपैकी मणी शरण आला, त्यानं देवाजवळ जागा मागितली आणि बकऱ्याचा निवदही मागितला. देवानं तो दिला. त्यामुळं खारा निवद मणीचा, भरीत-रोडगा देवाचा. खंडोबाच्या दोन बायकांतही हाच मेळ आहे. म्हाळसा वाण्याची लेक, बाणाई धनगराची. पेठेतला आणि रानातला असे दोन्ही समाज एका देवाच्या घरात नांदतात. गुंथर सोन्थायमर या जर्मन अभ्यासकानं धनगरांमध्ये वर्षानुवर्षं फिरून त्यांच्या ओव्या गोळा केल्या आणि बिरोबा, म्हस्कोबा, खंडोबा यांच्या मागचं हे पशुपालकांचं जग अभ्यासकांपुढं आणलं. अभ्यासक रा. चिं. ढेरे यांनी याच शोधाला मराठीत आयुष्य दिलं.

काही देवळांत तोड आणखी सोपी असते. खारा निवद पायरीशी असलेल्या सेवक देवाला दाखवायचा, आणि तेवढा वेळ आतल्या देवापुढं पडदा ओढायचा. तुळजापुरात मात्र पडद्याची गरज पडत नाही. तिथं नवरात्रात देवीच्या होमावर अजबळीचा विधी उघडपणे होतो. पुरणपोळीही तिचीच, बोकडही तिचाच. एकाच देवीचं ताट कुणी बदलायला लावलं नाही, कारण तिच्या दारी येणाऱ्यांची ताटं एकसारखी कधीच नव्हती.

तापलेली देवी

पटकीची, म्हणजे कॉलऱ्याची, साथ आली की आठवड्यात घरंच्या घरं रिकामी होत. देवीच्या रोगानं अंगभर फोड येत आणि जे वाचत त्यांतल्या काहींचे डोळे जात. या रोगाला आपण नावच ‘देवी’ दिलं. रोग म्हणजे देवीचा कोप, तिचं तापणं, अशी समजूत होती. म्हणून निवद थंड असायचा. दहीभात, आंबील, कडुलिंबाचा डहाळा, पायावर पाणी. तापलेल्या लेकराला जे करायचं, तेच तापलेल्या आईला. पटकी पिण्याच्या घाण पाण्यातून येते हे ठाऊक नव्हतं, तेव्हा माणसाच्या हातात एवढंच होतं.

साथ हटत नसली की पटकीची देवी मानलेल्या मरीआईचा गाडा निघे. लहानशा लाकडी गाड्यावर देवी, खण-नारळ, निवद ठेवून वाजत-गाजत तो शिवेबाहेर नेऊन सोडत. पलीकडच्या गावाला तो दिसला की ते घाबरून पुढच्या शिवेला नेत. आपल्या गावातलं मरण दुसऱ्याच्या हद्दीत लोटायचा हा विधी होता. त्यामागची भीती समजून घेतली पाहिजे, पण शेजारच्या गावाचं काय होईल याचा विचार त्यात नव्हता, हेही तितकंच स्पष्ट लिहिलं पाहिजे.

1975 साली भारतात देवीचा शेवटचा स्थानिक रुग्ण सापडला आणि 1980 साली जग देवीमुक्त झाल्याची घोषणा झाली. हे लसीनं केलं. पटकीचं भय स्वच्छ पाण्यानं आणि उपचारांनी ओसरलं. मरीआईचं ठाणं मात्र गेलं नाही. आषाढात मंगळवारी, शुक्रवारी बायका अजून दहीभाताचा निवद घेऊन तिथं जातात. मागणं आता पटकीचं नसतं. पोराची नोकरी, लेकीचं बाळंतपण, नवऱ्याची दारू सुटणं, असं काहीतरी असतं.

मान कुणाचा

निवद देवापुढून उठला की तो वाटला जातो, आणि इथं गावाचा सगळा जमाखर्च उघडा पडतो. त्रिंबक नारायण आत्रे यांचं ‘गावगाडा’ हे पुस्तक 1915 साली निघालं. बलुतेदारांच्या कामाचा आणि हक्कांचा असा बारकाईनं घेतलेला हिशोब मराठीत दुर्मीळ आहे. जत्रेतही हेच हक्क चालत. पूजा आणि देवापुढचा निवद गुरवाचा. पालखीखाली पायघड्या परटाच्या. घट कुंभाराचे. वाजंत्रीला मातंग. पहिला नारळ पाटलाचा. बोकडाचं मुंडकं कुणाला, फरा कुणाला, हेसुद्धा ठरलेलं असे. याला ‘मान’ म्हणतात. मान चुकला म्हणून जत्रा अडल्याच्या, डोकी फुटल्याच्या आठवणी जुन्या गावांत ऐकायला मिळतात.

या मानात गावाची एकी होती हे खरं. प्रत्येक हाताशिवाय देवाचं काम अडत होतं. पण ज्याला मान म्हणत तो अनेकांसाठी अपमान होता. मरीआईची सेवा, साथीत मेलेल्याची व्यवस्था, मेलेलं ढोर ओढणं आणि त्याबदल्यात शिळं तुकडं, हे महारांच्या वाट्याला आलेलं होतं. ज्या ग्रामदैवतासाठी राबायचं, त्याच्या गाभाऱ्यात पाऊल टाकायला बंदी होती. निवद वाटायला हात चालत, पंगतीला माणूस चालत नसे.

14 ऑक्टोबर 1956 रोजी नागपुरात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी लाखो अनुयायांसह बौद्ध धम्म स्वीकारला. त्यानंतर गावोगावच्या वस्त्यांनी मरीआईचे विधी, पोतराजकी, जत्रेतली ठरलेली कामं सोडून दिली. 1958 च्या कायद्यानं महार वतनासारखी कनिष्ठ गावकामगार वतनं रद्द झाली. ज्यांनी हा मान नाकारला, त्यांच्यावर अनेक गावांत बहिष्कार पडले. तरी ते मागं फिरले नाहीत. निवदाच्या इतिहासातलं सर्वांत धाडसाचं पान हे, ताटापासून उठून गेलेल्यांचं.

आणखी एका माणसानं हे ताट आतून बदलायचा प्रयत्न केला. गाडगेबाबांनी (1876–1956) आयुष्यभर हातात खराटा धरला. कीर्तनात ते समोरच्या शेतकऱ्यालाच प्रश्न विचारत, सावकाराच्या कर्जात बुडून देवाला बकरं कशाला, देव बकरं मागतो का, आणि उत्तर लोकांच्याच तोंडून काढून घेत. बकऱ्याच्या जिवाची कणव त्यात होती, आणि नवस फेडायला काढलेल्या कर्जाची चीडही.

तोंडी करार

कोकणात निवदाआधी शब्द लागतो. त्याला गाऱ्हाणं म्हणतात. मानकरी हात जोडून देवापुढं उभा राहतो, गावातल्या सगळ्या देवांची, बारा-पाचाच्या मेळाची नावं घेतो आणि मोठ्यानं सांगतो की अमक्या लेकरानं अमकी ओटी आणली आहे, काही चूक झाली असेल तर पोटात घाल, इडापिडा शिवेपार कर. प्रत्येक वाक्यागणिक मागचे लोक ‘व्हय म्हाराजा’ म्हणतात. हा होकार महत्त्वाचा. एकाची मागणी सगळ्यांच्या साक्षीनं होते. पुढं नवस फेडायचा तोही सगळ्यांसमोर.

वेंगुर्ला तालुक्यातल्या आरवलीच्या वेतोबाला केळीचे घड आणि चामड्याच्या भल्यामोठ्या वहाणा वाहतात. देव रात्री गावाची राखण करत फिरतो, त्यानं त्या झिजतात, अशी श्रद्धा. राबणाऱ्याला पायताण द्यायचं, हे किती साधं आणि किती रास्त. कोकणात राखणदार देवाला वर्षातून एकदा राखणही देतात, बहुधा कोंबड्याची. राखण हा शब्दच सांगतो की हा राखणदाराचा मेहनताना आहे.

मालवण तालुक्यात मसुऱ्याजवळ आंगणेवाडीची भराडीदेवी आहे. तिच्या जत्रेला पंचांगातली ठरलेली तिथी नाही, देवीचा कौल घेऊन दिवस ठरवतात. त्या दिवशी आंगणे घराण्यातल्या बायका देवीचा प्रसाद मौन पाळून रांधतात. चुलीपाशी एरवी किती बोलणं चालतं, हे ज्यानं पाहिलं आहे त्याला या मौनाचं वजन कळेल. आचऱ्याला तर ठरावीक वर्षांनी देवाच्या कौलानं गावपळण होते. माणसं गुराढोरांसकट तीन दिवस वेशीबाहेर राहतात आणि गाव देवाच्या हवाली करतात. ताटाऐवजी अख्खं गाव देवापुढं ठेवायचं.

बदललेलं ताट

आज जत्रेची तारीख मुंबई-पुण्याच्या सुट्ट्या धरून ठरवल्याचं कानावर येतं. वर्गणी मोबाइलवर जमा होते. दगडी चौथऱ्यावर फरशा आल्या, शेंदराच्या जागी ऑइलपेंट आला. या बदलांत तक्रार करण्यासारखं सगळंच नाही. पण एक धोका मोठा आहे. शंभर घरांसाठी बसवलेला विधी लाखांच्या गर्दीवर चढवला की तो मोडतो. 25 जानेवारी 2005 रोजी वाई तालुक्यात मांढरदेवीच्या काळूबाईच्या यात्रेत चेंगराचेंगरी झाली आणि सुमारे 300 माणसं गेली. चिंचोळी वाट होती, पायऱ्या फुटलेल्या नारळांच्या पाण्यानं निसरड्या झालेल्या होत्या. नारळ तोच, पाणी तेच. फक्त माणसं मोजण्यापलीकडची होती. गावदेवाचा निवद गावाच्या मापाचा असतो, आणि ते माप सोडलं की श्रद्धा माणसाला वाचवू शकत नाही.

गावदेवाचं ताट म्हणजे देवाला दिलेली लाच, असं काही जण म्हणतात. ताट जवळून पाहिलं तर हे पटत नाही. लाच देणारा ती लपवून देतो. निवद भर चौकात, सगळ्यांच्या साक्षीनं ठेवला जातो आणि लगेच उचलून वाटलाही जातो. देव त्यातलं तीळभरही ठेवून घेत नाही, हे निवद दाखवणाऱ्या म्हातारीला आपल्याइतकंच ठाऊक असतं. शेवटी सगळा निवद माणसांच्याच पानात पडतो. म्हणून एखाद्या गावाची जत्रा पाहायला गेलात, तर देवापुढचं ताट पाहून परतू नका. पंगत बसेपर्यंत थांबा. कोण कुणाच्या मांडीला मांडी लावून बसलं आणि कुणाच्या पानाला उशीर झाला, हे पाहा. देव गावाला पावला की नाही, याचं उत्तर तिथंच मिळतं.